तांबडीला कोंडलं

नळाला पाणी यायच्या आधी कोंबड्या सोडाव्यात म्हणून द्वारकाबाई परसात गेली. खुराड्याची फळी सारली. काळी बाहेर आली, तांबडी आली, मागोमाग दोन ठिपक्याच्या आल्या. पांढरी आलीच नाही. वाकून पाहिलं तर पांढरी आतल्या कोपऱ्यात, भिंतीला तोंड लावून. बसलेली नव्हती, चोच सांदीत खुपसून, मान आखडून उभी होती. शेपटाच्या वर पिसं नव्हती. तळहाताएवढी जागा सोलल्यासारखी उघडी पडली होती आणि तिथलं मांस ओलं दिसत होतं. द्वारकाबाईनं हात घातला तर ती ओरडली नाही, फडफडली नाही, उलट आणखीच भिंतीत शिरली. त्या न ओरडण्यानंच द्वारकाबाईला हात मागं घेता येईना. ओरडली असती तर कोंबडीच ओरडली म्हणून सोडून देता आलं असतं. पण असं तोंड भिंतीला लावून, मागनं जे होईल ते होऊ द्यायचं, ही तऱ्हा तिला ओळखीची वाटली आणि ओळखीची वाटली म्हणून तिला राग आला. कुणाचा, ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. तिनं पांढरीला दोन्ही हातांनी धरून बाहेर ओढली, छातीशी घेतली. लुगड्याला डाग पडला. बाहेर ओळीतल्या बायका हंडे आपटत नळाकडं चालल्या होत्या. दुष्काळाचं साल, खाम नदीच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळत होती, आणि औरंगाबादच्या बेगमपुऱ्यातल्या त्या सात खोल्यांच्या ओळीला मिळून एक नळ, तोही दिवसाआड तासभर. त्या दिवशी द्वारकाबाईचा हंडा नळावर उशिरा गेला.

"काप तिला," तिचा नवरा कडूबा म्हणाला. तो दाराशी बसून दाढी करत होता, सरकारी कचेरीत शिपाई होता, आणि शिपायाचे कपडे घालायच्या आधी तो थोडा मोकळा बोलायचा. "अशी टोचलेली कोंबडी जगत नसती. मरायच्या आत कापली तर भाकरीसंगं कालवन तरी व्हईल."

"नाय कापायची."

"कामून?"

"मी आणलीय तिला. फुलंब्रीच्या बाजारातून. ती काय आपल्या पायानं चालत आली नाय ह्या चौघींत."

"अगं, दुष्काळात माणसाला औषध मिळंना, आन्‌ तू कोंबडीला दवाखाना लावायलीस."

तिनं प्यायच्या माठातलं तांब्याभर पाणी घेतलं. कडूबाची वस्ताऱ्याची मूठ तेवढ्यापुरती थांबली. तिनं पाणी कोमट करून त्यात मीठ टाकलं, फडक्यानं जखम टिपून टिपून धुतली, हळद दाबली. मग तिला आठवलं, की लाल दिसलं की टोचायचं ही कोंबडीची जातच आहे. मग तिनं निंबोळीच्या तेलात तव्याच्या बुडाचं काजळ खलवलं आणि जखमेवर असं माखलं, की पांढऱ्या अंगावर डांबर सांडल्यासारखं दिसायला लागलं. हात काळे झाले. पांढरीला तिनं बाजेखाली पोत्यावर ठेवली, कण्यांची वाटी पुढं सरकवली. पांढरीनं वाटीकडं पाहिलं नाही. आधी तिनं दाराकडं पाहिलं, मग बाजेच्या पायाकडं, मग पुन्हा दाराकडं. खाताना कुणी येतंय का हे आधी बघून घ्यायचं. द्वारकाबाई चुलीपुढं बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.

फुलंब्रीला सासरच्या घरात जेवायची तिचीही तीच रीत होती. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. धामधूम होऊन गेलेली, पुन्हा काय होईल कुणी सांगावं म्हणून अजिंठ्याकडच्या गावागावांत बापांनी पोरी घाईनं उजवल्या, त्यात तीही उजवली गेली. तेरा-चौदा वर्षांची असेल. सासू तोंडानं फाटकी होती, पण तिचं तोंड सगळ्यांनाच लागायचं. पावसासारखं, अंग झाडलं की झालं. खरा जाच थोरल्या जावेचा, चतुराबाईचा. चतुराबाई वाळकी लाकडं आपल्याकडं ठेवून ओली हिच्या पुढ्यात टाकायची. हिच्या वरणात मूठभर मीठ टाकून मग स्वतःच पहिल्यांदा थू थू करायची. जात्यावर समोरासमोर बसल्या की खुंटा धरता धरता हिच्या मनगटाचं कातडं नखात धरून पिरगाळायची, आणि ओवी मात्र तोडायची नाही. का करत असेल, हे द्वारकाबाईनं त्या वेळी आपल्या परीनं ठरवून टाकलं होतं: बाई दुष्ट. दुष्ट म्हटलं की सगळं सोपं होतं. आता बाजेखालच्या पांढरीकडं बघताना तिला जेवणाची ती पंगत दिसली. पुरुष उठले, सासू उठली, मग चतुराबाई बसायची. पहिल्याच दिवशी नव्या नवरीनं पाहिलं होतं, चतुराबाई मांडी घालून बसली आणि भाकरीचा पहिला तुकडा तिनं अगदी सावकाश मोडला, इकडं तिकडं न बघता. किती वर्षांनी तिला असं सावकाश जेवायला मिळत होतं, ते त्या नवरीला कसं कळावं? तोवर शेवटची चतुराबाईच होती. द्वारका आली आणि तिची सुटका झाली.

तीन दिवस पांढरी बाजेखाली होती. खायला लागली होती. द्वारकाबाईच्या मनात आलं, हिला कायमची आत ठेवायची तर ही बाजेखालीच म्हातारी होणार. आणि टोचणारी कोण ते तरी कळायला पाहिजे. तिचा संशय काळीवर होता. काळी अंगानं थोराड, चालायची पाटलिणीसारखी, दाणे टाकले की बाकीच्या आपोआप बाजूला व्हायच्या. चौथ्या दिवशी दुपारी ओळ निजलेली होती, तेव्हा तिनं पांढरीला परसात सोडलं आणि स्वतः उंबऱ्यात सुपात गहू घेऊन बसली, निवडायचं सोंग करून. काळी आली. पांढरी मान खाली घालून अंग चोरून उभी राहिली. काळीनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ती निघून गेली. तिला त्यात काही राम वाटला नाही. ठिपक्याच्या दोघी उकिरड्यावर होत्या. आणि मग भिंतीच्या कडेनं, पंख अंगाशी घट्ट धरून, तांबडी आली. बारीक, लुकडी तांबडी, जिची गेल्या साली मान सोलवटली होती. पांढरी यायच्या आधी कण्या शेवटी खायची ती तांबडी. ती मागून आली, काजळ लागलेल्या जागेच्या कडेला चोच नेमकी घातली आणि पिसू काढल्यासारखं मांस ओढलं. मग काळीकडं पाहिलं. काळी काही म्हणाली नाही म्हटल्यावर पुन्हा ओढलं. पांढरी भिंतीशी गेली आणि तिनं तोंड सांदीत खुपसलं.

द्वारकाबाई उठली. सुपातले गहू सांडले. तिनं तांबडीला धरली, कोपऱ्यातलं डालगं आणलं, तांबडीवर पालथं घातलं आणि वर पाटा ठेवला. तांबडीनं आतून असा काही कल्ला केला, की निजलेल्या ओळीची दारं उघडली.

"हे काय करायलीस?" पलीकडच्या खोलीतली आशाबाई डोळे चोळत आली. "जखम तर पांढरीला हाय. डालग्याखाली तिला ठेवावं का नाय?"

"टोचते ही. मंग तिला कामून कोंडायचं?"

आशाबाई हसली. मग डालग्याच्या भोकांतून दिसणाऱ्या तांबडीच्या डोळ्याकडं बघून तिचं हसू जरा मागं सरलं. द्वारकाबाईला ते दिसलं आणि दिसलं म्हणून तिला लाजल्यासारखं झालं, कारण तिच्या डोक्यात तेव्हा नळच होता. नळावर साळूबाईचा हंडा पायानं मागं सारते ती आशाबाई. साळूबाई पिशोरकडची, चार महिन्यांमागं शेवटच्या खोलीत राहायला आली होती, दुष्काळात पोरांना सुकडीचं खाणं वाटायच्या केंद्रावर कढई ढवळायचं काम करायची. कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मणी होते, पण नवरा नव्हता. ती नांदत नव्हती. ओळीत वच्छलाबाईचा शब्द चालायचा, तिचा नवरा मालकाच्या वतीनं खोल्यांची भाडी गोळा करायचा म्हणून. वच्छलाबाई पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "नांदणाऱ्या बायकांचं आधी होऊ द्या." एकदाच म्हणाली. नंतर तिला काही म्हणावंच लागलं नाही. आशाबाईचा नवरा दारू पिऊन पाणचक्कीच्या रस्त्याला नालीत पडायचा आणि साळूबाई येईस्तोवर ओळीच्या सगळ्या दुपारी त्या गोष्टीवर निघायच्या. साळूबाई आली आणि आशाबाईच्या नवऱ्याचं कुणी नाव काढेना. मागच्या आठवड्यात आशाबाईनं पायानं सारलेला हंडा कलंडून घरंगळला, साळूबाई तो धरायला वाकून पळाली, तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. द्वारकाबाईही हसली होती. पदर तोंडाला लावून हसली होती. हसताना बरं वाटलं होतं, हेच तिला आता खुपत होतं. पंचवीस वर्षं आपण सोसलं, नांदलो, मग हिनंच का उठून यावं, असा काहीतरी तो आनंद होता. आणि त्या आनंदाची चव तिला ओळखू आली. भाकरीचा पहिला तुकडा सावकाश मोडायचा.

संध्याकाळी कडूबानं डालगं पाहिलं. "मार खाणारी बाहेर आन्‌ मारणारी आत? सगळं उलटंच तुझं."

"व्हय. एकदा उलटं करून बघते."

"लोकं हसायलेत."

"हसू द्या. हसायला काय लागतं? मी बी हसले व्हते."

कोणाला हसली होतीस, हे कडूबानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

बाईला डालग्याखाली कोंडता येत नाही, हे काही तिला कळत नव्हतं असं नाही. पांढरीचं पाहून मी माणसात काय करणार, कोंबडी ती कोंबडी, असं ती स्वतःला रात्रभर बजावत होती. सकाळी नळावर गेली तेव्हा तिनं काही ठरवलेलं नव्हतं. हंड्यांची ओळ लागलेली होती, वच्छलाबाईचे दोन पुढं, मग आशाबाईचा, मग तिचा, आणि सगळ्यांच्या मागं, नालीच्या कडेला, साळूबाईचा पोचा पडलेला पितळी हंडा. साळूबाई त्याच्याजवळ उभी होती. पाणी त्या दिवशी करंगळीएवढंच होतं. ऊन चढत गेलं. द्वारकाबाईची पाळी आली तेव्हा नळाला फार वेळ राहिला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तिनं आपला हंडा उचलला, बाजूला ठेवला, मागं गेली, साळूबाईचा हंडा आणला आणि नळाखाली लावला.

"हे काय?" वच्छलाबाई भरलेले हंडे घेऊन निघाली होती, ती वळली.

"माझी पाळी हाय. माझ्या पाळीत कोनाचा हंडा लावायचा ते मी बघते."

आशाबाईचा पाय पुढं आला. सवयीनंच आला असावा. द्वारकाबाई मधे उभी राहिली आणि तिनं नळाच्या तोटीवर हात ठेवला. आशाबाईचा पाय हंड्याला न लागता द्वारकाबाईच्या पोटरीला लागला. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. आशाबाईचे डोळे त्या क्षणी दुष्ट नव्हते, भेदरलेले होते. हा हंडा पुढं गेला तर उद्या मागं कोणाचा येणार, एवढाच हिशेब त्यात होता. द्वारकाबाईला तिची दया आली आणि तरीही ती जागची हलली नाही.

"द्वारकाबाई, हात काढा," वच्छलाबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता. तिला कधी चढवावा लागायचा नाही.

"नाय काढत."

"नवरा टाकून आलेल्या बाईसाठी समद्या ओळीशी वैर घ्यायलात?"

"टाकून आली का टाकली, मला ठाव नाय. तहान लागती तिला, एवढं ठाव हाय."

पाणी बारीक धारेनं पडत राहिलं. हंडा भरायला एवढा वेळ लागतो हे द्वारकाबाईला तोवर माहीत नव्हतं. पाठीवर सगळ्या ओळीची नजर होती. तिला वाटलं, आपण आता भिंतीकडं तोंड करून उभ्या आहोत, मागं काय होतंय ते दिसत नाही. आणि तसं वाटल्याबरोबर ती मुद्दाम वळली, नळाकडं पाठ केली, आणि एकेकीच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. बघणाऱ्या बायकांनी एकेक करून नजर दुसरीकडं नेली. हंडा भरला. साळूबाईनं तो कमरेवर घेतला आणि ती निघून गेली. द्वारकाबाईनं आपला हंडा लावला तेव्हा नळानं दोनदा खाकरून दम सोडला.

त्या दिवशी घरात माठाच्या तळाचं पाणी होतं, तेवढंच. कडूबाला नळावरची बातमी कचेरीतून येताना कोपऱ्यावरच मिळाली होती. तो टोपी न काढताच बोलायला लागला. "वच्छलाबाईच्या नवऱ्यानं खोली खाली करा म्हनलं तर कुठं जाशील?"

"जाऊ कुठंबी. बेगमपुरा म्हंजे काय वैकुंठ नाय."

"आन्‌ जाऊन माफी मागितली तर काय झिजशील?"

"व्हय," ती म्हणाली. "झिजंन. लई झिजले आधीच."

तो टोपी काढून बाजेवर टेकला. मग उठला, घागर घेऊन पाणचक्कीकडच्या आडावर गेला आणि गढूळ का होईना, पाणी घेऊन आला. घागर त्यानं आपटून ठेवली, पण आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी साळूबाई दारात आली. बस म्हटलं तरी बसली नाही. उंच, हाडांनी रुंद बाई, केंद्रावरच्या धुरानं डोळे लाल झालेले. "मी तुमच्याकडं दाद मागायला आले नव्हते," ती म्हणाली.

"ठाव हाय."

"मला कीव नको कोनाची. आज कराल, उद्या बेजार व्हाल, परवा तुमीच म्हनाल हिच्यापायी झालं."

"कीव नाय केली. माझी पाळी तुमाला दिली, एवढंच."

साळूबाई थोडी घुटमळली. तिचं लक्ष परसात गेलं. तांबडी डालग्यातून मान काढायला बघत होती, पांढरी उन्हात पंख पसरून धुळीत अंग घुसळत होती. "हिनं काय केलं?"

"टोचलं."

"आन्‌ टोचली ती?"

"ती काय, फिरती हाय."

साळूबाईनं डालग्यावरच्या पाट्याकडं पाहिलं. मग सांगायचं म्हणून नाही, आठवलं म्हणून बोलावं तशी बोलली. "आमच्यात मला कोंडलं व्हतं. त्यानं मारलं, तोंड सुजलं, तर गावाला दिसू नये म्हून सासऱ्यानं मला बाजरीच्या कोठीत घातलं आन्‌ कडी लावली. तो भाईर पारावर पत्ते खेळत व्हता. मला आवाज यायचा." एवढं बोलून ती गेली. 

पांढरीच्या जखमेवर खपली धरली, खपलीच्या कडेनं बारीक, काट्यासारखी पिसं फुटली, तेव्हा द्वारकाबाईनं डालगं उचललं. तांबडी बाहेर आली ती नवख्यासारखी आली. काळीनं तिला एक टोला दिला, ती बाजूला झाली. ठिपक्याच्या दोघींनी जागा दिली नाही. कण्या टाकल्या तर ती पांढरीच्याही मागं उभी राहिली. हे ठीक झालं, जुलूम मोडला, असं द्वारकाबाईच्या मनात येत होतं तोच पांढरीनं खाता खाता मान उचलली. तांबडीकडं पाहिलं. तिच्या चालीत एक सावकाशपणा आला, आणि ती मागून गेली आणि तांबडीच्या मानेत चोच घातली. पिसू काढल्यासारखी. मग काळीकडं पाहिलं.  धाकटी जाऊ घरात आली त्याच साली कडूबाला कचेरीत जागा मिळाली आणि द्वारकाबाई औरंगाबादेला आली. वेळच मिळाला नव्हता. वेळ मिळाला असता तर तिनं धाकटीचं काय केलं असतं, हे तिनं आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. आणि उत्तर समोर कण्यांत चोच पुसत उभं होतं. पांढरीची चोच दुसऱ्यांदा उचलली गेली तेव्हा द्वारकाबाईनं केरसुणी उचलली. मारली नाही, दोघींच्या मधे आडवी धरली.

"तुला ह्यासाठी नाय बरी केली मी," ती पांढरीला म्हणाली. मग कण्या दोन ठिकाणी टाकल्या, लांब लांब. सगळ्यांचं खाऊन होईस्तोवर केरसुणी घेऊन मधे बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली. त्यात दुपार जायची, भांडी पडून राहायची. कडूबा म्हणाला, हा काय धंदा झाला का? ती म्हणाली, व्हय, झाला.

ओळीनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आशाबाईच्या पोरीचं डोहाळजेवण झालं, पलीकडच्याच खोलीत, भिंतीतून गाणी ऐकू आली, बोलावणं आलं नाही. खोली खाली करा असं अजून कुणी म्हटलं नव्हतं. म्हणतील, असं रोज वाटायचं, आणि त्या वाटण्याशी तिची हळूहळू सोयरीक झाली. पाण्याच्या सकाळी ती नळावर गेली तर तिचा हंडा कुणीतरी उचलून पार शेवटी, नालीच्या कडेला, साळूबाईच्या हंड्याला खेटून ठेवलेला. तिनं तो पुढं नेला नाही. साळूबाईनं जरासं सरकून तिला उभं राहायला जागा केली. पुढं आशाबाई पाळीला आली होती. मागच्या कुणाकडं बघायचं आणि कुणाकडं नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, पाय मात्र तिनं लुगड्यात आखडून घेतला होता. द्वारकाबाईला तिला सांगावंसं वाटलं, की आशे, तुझा हंडा मागं आला तर त्याच्यापुढंही मी उभी राहीन. पण ते सांगून पटणारं नव्हतं. ते करूनच दाखवावं लागणार होतं, आणि कधी दाखवावं लागेल ते वच्छलाबाईच्या हातात होतं.

वच्छलाबाई भरलेला हंडा डोक्यावर घेऊन त्या दोघींजवळून जाताना थांबली. पाणी हिंदकळलं नाही, अशी तिची मान होती.

"किती दिवस चालवायचं हे, द्वारकाबाई?"

"नळाला पाणी हाय तवर," द्वारकाबाई म्हणाली, आणि आपला हंडा साळूबाईच्या हंड्यामागं नीट टेकवून ठेवला.